किरकोळ सुधारणा

६ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

एका घोर अन्यायाची दाद तुझ्याकडे मागतो आहे, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून वाच. रुग्णालयाने मला नवी खुर्ची दिली आहे. तिला एक दांडी आहे. ती ओढली की खुर्ची वर जाते, आणि मग कुणी काही न करता आपली आपण खाली येत राहते. सकाळी नऊला मी अधिकारी असतो. अकराला टेबलाची कड माझ्या छातीला लागते. जेवणाच्या सुमारास कुणी खोलीत आलं तर त्याला फक्त माझं कपाळ आणि चष्मा दिसतो. रीतसर तक्रार केली. भांडारातला माणूस आला, स्वतः बसला, दोन मिनिटांत उठला. म्हणाला, "चांगली आहे की." मी म्हटलं, "दोन तास बसून बघा." तो म्हणाला, "दोन तास बसायला मला कोण देतंय?" तक्रार निकाली.

हे रामायण सांगायचं कारण, तुझ्या कंपनीनेही माझी एक तक्रार अशीच निकाली काढली आहे. तीनदा.

आपला नियम तुला पाठ आहे. ज्या तारांवर मी दिवसभर पहारा देतो त्यांच्यावरून घरचं बोलायचं नाही. घरचं ते कागदावर, टपालाने. ऑफिसचं कागदावर आणायचं नाही, हा त्याचा उत्तरार्धही मीच घातला होता. तो आज मीच मोडतो.

तुमची फायरवॉल आमच्याकडे सहा वर्षं आहे. बाहेरचं जग आणि आमच्या चार इमारती यांच्यामधल्या दारात ती उभी असते आणि प्रत्येक निरोप, एका इमारतीतून दुसरीत जाणारासुद्धा, तपासून आत-बाहेर सोडते. मी तिला द्वारपाल म्हणतो. संस्कृत शिकलेल्या माणसाला तारा सांभाळायला बसवलं की एवढं सोसावं लागतं. तर नोव्हेंबरपासून हा द्वारपाल अधूनमधून मूर्च्छित पडतो. उठायला अकरा मिनिटं घेतो. तेवढ्यात प्रयोगशाळेचा एकही रिपोर्ट वॉर्डात पोचत नाही. फोनही त्याच तारांवर, त्यामुळे तेही मुके. सिस्टर मंडळी कागद घेऊन जिने चढत-उतरत बसतात. तुमच्या मदतकेंद्राचं उत्तर असं: "आमच्याकडे हे घडवून पाहता आलं नाही. तक्रार बंद करत आहोत."

म्हणून मीच शोधलं. दोन महिने लागले. रक्तपेढीत एक जुना फ्रिज आहे. त्याचं दार उघडं राहिलं की तो तापमानाचा इशारा पाठवतो. तो निरोप दोन तुकड्यांत जातो, आणि फ्रिज म्हातारा असल्यामुळे दुसरा तुकडा पाठवायचा विसरतो. द्वारपाल त्या दुसऱ्या तुकड्याची वाट पाहत बसतो, मोजदाद चुकवतो आणि कोसळतो. एवढंच. पण फ्रिजला जे जमतं ते बाहेरच्या कुणालाही जमेल. मागच्या रविवारी दुपारी, मोठ्या सिस्टरना आधी सांगून, मी घरून तसाच एक अर्धवट निरोप धाडला. पडला.

यात चोरी नाही, कुणाचे कागद फुटत नाहीत, काही मोडत नाही. फक्त दार बंद. न्यायशास्त्रातले नैयायिक अभावालाही पदार्थ मानतात हे शिकताना आम्ही पोरं मागच्या बाकावर हसायचो, की जे नाही ते काय मोजायचं? आता मोजतो. अकरा मिनिटं.

निरोप कसा बनवायचा ते वेगळ्या पानावर लिहिलं आहे. योग्य माणसाच्या हातात दे. ताई बरी आहे. गुडघे सोडून सगळ्यांशी तिचं पटतं.

तुझा,
मामा


१५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

खुर्ची उलटी कर. खाली नळीवर एक कडी असेल ती घट्ट कर. नाही झाली तर खाली एक जाड पुस्तक ठेव, तुझ्याकडे कमी नाहीत.

पान मिळालं. मी स्वतः करून पाहिलं. पडली. तू बरोबर आहेस, आणि मदतकेंद्राच्या वतीने मला लाज वाटते.

आता दोन गोष्टी ऐक. मदतकेंद्राला परत लिहू नकोस. तिकडून आलेली तक्रार चार टेबलांवरून फिरते आणि तोवर तिचा चोथा होतो. मी आतून बघते. दुसरं म्हणजे हे कुणालाही सांगू नकोस, तुझ्या साहेबांनाही नाही. बाहेर कळलं तर तुझं ते पान वाईट माणसांच्या हातात जाईल, आणि अशी दारं जगात हजारो आहेत.

पद्धत अशी असते, की दोष नोंदवला की त्याला एक क्रमांक मिळतो. त्या दिवसापासून नव्वद दिवस मोजतात. तेवढ्यात दुरुस्ती करायची आणि मग सगळ्यांना जाहीर सांगायचं. दुरुस्ती थोडी आकाराला येऊ दे, मग मी नोंदवते. नाहीतर उगाच घड्याळ सुरू होतं.

तो भाग फार जुना आहे. ज्यांनी लिहिला ते आता त्या कामावर नाहीत.

आईला सांग गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
भाची


२३ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
आशीर्वाद.

खुर्चीखाली कोश ठेवला. आता ती डावीकडे कलते. कोश दोन खंडांचा असल्यामुळे दुसरा खंड उजवीकडे लावावा लागेल असं दिसतं.

तुझी आज्ञा शिरोधार्य. मदतकेंद्राला लिहिणार नाही, कुणाला सांगणार नाही. दिला शब्द. फ्रिजची तार मी काढून ठेवली आहे. रक्तपेढीतली सिस्टर आता दर दोन तासांनी जाऊन स्वतः तापमान वाचते आणि मला येताजाता विचारते, "तुमचं यंत्र बरं होईपर्यंत मीच यंत्र का?" मी म्हणतो, "थोडे दिवस." ती म्हणते, "थोडे म्हणजे किती ते लिहून द्या."

ज्यांनी तो भाग लिहिला त्यांना माझा नमस्कार सांग, कुठेही असोत. निरोपाचा दुसरा तुकडा येणारच असं धरून चालणारा माणूस स्वभावाने भाबडा असणार. आपल्या घरात अशी माणसं फार नाहीत.

इथे आमच्याकडे एक नवीन बाई यायला लागल्या आहेत. निवृत्त शिक्षिका, विषय भूगोल. मूत्रपिंडं थकली आहेत, त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस त्या यंत्राला जोडलेल्या असतात. उरलेल्या वेळात आमचे फलक तपासतात. परवा मला बोलावून घेतलं. "तारांचे साहेब तुम्हीच ना? तळमजल्यावरच्या नकाशात उत्तर दिशा खाली दाखवली आहे." मी म्हटलं, "बाई, नकाशा माझ्याकडे नाही." त्या म्हणाल्या, "मग कुणाकडे आहे? तीस वर्षं पोरांना शिकवलं की आधी उत्तर शोधा. इथे मीच हरवते." नकाशा काढून मी उलटा लावला. आता अक्षरं उलटी आहेत, पण उत्तर जागेवर आहे. बाई खूश.

नोंदवलंस का?

तुझा,
मामा


३० मार्च

प्रिय मामा,

उशीर झाला. रागावू नकोस.

इथे खूप चालू आहे. एक तारखेपासून मी विभागप्रमुख होते आहे. आईला सांग, पण शेजारीपाजारी नको. आठ वर्षं एका टेबलावर काढली, आता काचेची खोली मिळेल. काचेची म्हणजे सगळ्यांना मी दिसणार.

तुझं काम चालू आहे. क्रमांकाचं विचारत राहू नकोस, वेळ आली की होईल. नवी आवृत्ती येते आहे. आली की बसवून घे.

तुझ्या भूगोलाच्या बाईंना नमस्कार.

भाची


१२ एप्रिल

चि. विभागप्रमुखबाईंस,
सविनय, साष्टांग वगैरे सगळं.

ताईने बातमी ऐकून डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "काचेच्या खोलीत डुलकी कशी काढणार?" शेजारी सांगायचं नाही म्हटल्यावर तिने पाच मिनिटं तोंड धरून ठेवलं. मी तेव्हा आत होतो, त्यामुळे सहाव्या मिनिटाची जबाबदारी माझी नाही.

आता कामाचं. नवी आवृत्ती आली. सोबतचं पत्रक मी तीनदा वाचलं. पडद्याचे रंग बदलले आहेत. दोन भाषा वाढल्या आहेत. छपाई सुबक झाली आहे. शेवटची ओळ: "इतर किरकोळ सुधारणा." दोषाचा उल्लेख नाही, क्रमांक नाही, तातडी नाही. जे सांगितलं नाही ते नाही असं धरायची मला विद्यार्थिदशेपासून सवय आहे. म्हणून माझा दोष यात नाही असं मी धरतो. पण तू "आली की बसवून घे" असं लिहिलं होतंस, ते टोचत राहतं.

आवृत्ती बसवायची तर चारही इमारती अर्धा तास बंद ठेवाव्या लागतात. परवानगी आमच्या अधीक्षकांची. त्यांना सगळे बघूसाहेब म्हणतात, कारण कुठल्याही अर्जावर ते "बघू" म्हणतात. तरी गेलो.

"कशासाठी बंद ठेवायचं?"
"नवी आवृत्ती आली आहे, साहेब. तातडीने बसवावी असं मला वाटतं."
त्यांनी पत्रक वाचलं. मन लावून वाचलं, हे कबूल करायला हवं. "कंपनी म्हणते किरकोळ, तुम्ही म्हणता तातडीचं. मी कुणाचं ऐकू? अर्धा तास डायलिसिसच्या खोलीतले फोन बंद ठेवायचे ते रंग बदलण्यासाठी?"
"साहेब, रंगासाठी नाही."
"मग कशासाठी ते सांगा ना. तुम्हाला काही माहीत आहे का?"
मी पत्रकाची घडी घातली. तुला शब्द दिला आहे.
"मेच्या बैठकीत बघू," ते म्हणाले. यावेळी त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तर एका ओळीचं उत्तर पाठव. त्या किरकोळ सुधारणांत माझा दोष आहे का? "आहे" म्हणालीस तर मी बघूसाहेबांच्या दारात बसकण मारतो आणि परवानगी घेऊनच उठतो.

तुझा,
मामा


२० एप्रिल

मामा,

आहे.

आजच्या आज बसव. काय वाटेल ते कारण सांग.

हे फोनवर बोलता येत नाही. माझा फोन कंपनीचा आहे आणि आपल्या दोघांत या विषयावर बोलणं झाल्याचं मला कुठेही दिसायला नको आहे. म्हणून कागद. नियम तुझाच आहे.

आता उरलेलं सांगते, नाहीतर परत कधी जमायचं नाही. ज्यांनी तो भाग लिहिला ते आता त्या कामावर नाहीत असं मी लिहिलं होतं. ते म्हणजे मी. नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिला होता. तपासणीच्या कागदावर ज्याची सही असायला हवी तो रजेवर होता, तर तीही मीच केली. तुझं पान उघडलं तेव्हा चौथ्या ओळीलाच ओळखलं. क्रमांक घेतला असता तर हे सगळं उघड्यावर आलं असतं, नेमकं नेमणूक व्हायच्या महिन्यात. म्हणून नोंदवलं नाही. आधी वाटलं, दुरुस्त करते, मग नोंदवते. दुरुस्त केल्यावर वाटलं, आता नोंदवायचं तरी कशाला. पत्रकातली ती शेवटची ओळ माझी आहे.

दुरुस्ती खरी आहे, मामा. ती मी मनापासून केली. जाहीर केली नाही म्हणून ती खोटी होत नाही.

पण एक गोष्ट आहे. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून कुठे काय बदललं ते शोधणारे लोक असतात. पत्रकात काय लिहिलंय ते त्यांना बघावं लागत नाही, बदलावरूनच जुन्यात काय दोष होता ते कळतं. आवृत्ती बाहेर पडून आता दोन आठवडे होऊन गेले. म्हणून घाई कर.

हे वाचून फाडून टाक. आणि माझ्यावर रागाव, पण लिही.

भाची


४ मे

चि. भाचीस,

तुझं पत्र २७ तारखेला दुपारच्या टपालाने आलं. आमचा द्वारपाल २४ तारखेला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पडला.

अकरा मिनिटांनी उठला आणि दोन मिनिटांत परत पडला. असा सात वेळा. पहिल्यांदा पडला तेव्हा मी काय केलं सांगतो. मी रक्तपेढीकडे धावलो, कुणी फ्रिजची तार परत जोडली का ते बघायला. जोडली नव्हती. तिथल्या सिस्टरशी भांडलो. मग इतर इमारतींत तसं दुसरं एखादं जुनं यंत्र आहे का ते शोधत फिरलो. सव्वा तास. बाहेरून कुणी पाठवत असेल असं माझ्या मनातही आलं नाही, कारण हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. बाहेरची तार उपटायला दोन सेकंद लागतात. मी ती बाराला दहा कमी असताना उपटली. कोण पाठवत होतं, आमच्याशी त्याचं काय वैर होतं, काही कळलं नाही. बहुधा आमचं नावही त्याला ठाऊक नसेल.

भूगोलाच्या बाई त्या आठवड्यात वॉर्डात दाखल होत्या. त्यांचं रक्त दहा वाजता काढलं होतं. त्यातलं पोटॅशियम इतकं चढलेलं होतं की प्रयोगशाळेच्या बाईंनी आकडा बघताक्षणी फोन उचलला. फोन मुका. त्यांनी रिपोर्ट कागदावर लिहून शिपायाच्या हातात दिला आणि "पळ" म्हटलं. तो पळाला, त्यात खोट नाही. पण भूगोलाच्या बाईंना त्याच सकाळी दुसऱ्या इमारतीत हलवलं होतं आणि ते फक्त संगणकात लिहिलेलं होतं. तो तिसऱ्या मजल्यावर रिकामी खाट बघून आला, विचारत विचारत निघाला. कागद पोचला अकरा पंचवीसला. बाईंचं हृदय अकरा दहाला थांबलं होतं.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं असतं तरी सांगता येत नाही. ते तसं म्हणाले हे मी प्रामाणिकपणे लिहितो आहे. त्यातून तुला जेवढा आधार घेता येईल तेवढा घे. मीही घेऊन पाहिला.

मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिलं आहे. तुझ्या विभागाच्या भाषेत हा प्रकार कुठल्या तीव्रतेत बसतो ते मी शोधून पाहिलं. माहिती फुटत नसेल आणि यंत्र आपोआप उठत असेल तर मध्यम.

चौकशीला तीन माणसं बसली आहेत. मला विचारलं, "कंपनीच्या पत्रकात या दोषाचा उल्लेख होता?" मी म्हटलं, नाही. हे खरं आहे. मग विचारलं, "तुम्हाला याची आधी काही कल्पना होती?" मी म्हटलं, नाही.

त्यावर बघूसाहेब उठले. कुणी त्यांना विचारलं नव्हतं. म्हणाले, "यांनी एप्रिलमध्येच परवानगी मागितली होती. तातडीचं आहे असं सांगितलं होतं. मी मेवर ढकललं. लिहून घ्या." लिहून घेतलं. ज्या माणसावर मी वर्षानुवर्षं विनोद केले, तुलाही लिहून पाठवले, तो दुसऱ्या दिवसापासून सक्तीच्या रजेवर आहे. जाताना माझ्या खोलीत आले. म्हणाले, "तुम्ही तेव्हा जरा ओरडायला हवं होतं हो माझ्यावर."

तू म्हणतेस तुझ्यावर रागावावं. रागावलो. आठ दिवस दुसरं काही केलं नाही. पण प्रत्येक वेळी राग फिरून माझ्यापाशी येतो. तू दोन महिने क्रमांक देत नव्हतीस हे मला दिसत होतं. परका असता तर दुसऱ्या आठवड्यात मी वरपर्यंत पत्रं धाडली असती. तू होतीस म्हणून खुर्चीच्या गोष्टी लिहीत बसलो. आणि फोन मलाही करता आला असता. कागदाचा नियम मोडायला मला तू लागत नव्हतीस.

तुझं पत्र फाडलेलं नाही. ताई रोज विचारते, लेकीचं काही आलं का. मी सांगतो, आलं, मजेत आहे.

समिती शुक्रवारी अहवाल लिहिते. त्याच्या आत तू तो दोष नोंदव. तुझ्या नावाने, ६ फेब्रुवारी या तारखेने, आणि जाहीर कर. अजून हजारो ठिकाणी जुनीच आवृत्ती चालू आहे, आणि तिथला माझ्यासारखा कुणीतरी ती किरकोळ सुधारणांची ओळ वाचून पत्रक फायलीला लावतो आहे. तू केलं नाहीस तर मी समितीपुढे जाऊन तुझी तिन्ही पत्रं ठेवीन आणि माझं "नाही" मागे घेईन. तुझी नोकरी जाईल. माझीही जाईल. बघूसाहेब परत येतील.

हे वाक्य लिहिताना मला बरं वाटलं, म्हणून ते परत वाचून पाहिलं. त्या दिवशी "नाही" म्हणताना माझा आवाज हलला नव्हता. समितीतल्या माणसाने माझ्यासमोर पाणी ठेवलं, मी ते प्यालो आणि घरी येऊन नीट जेवलो. तेव्हा माझी खरी काळजी काय आहे ती सांगतो. तू शुक्रवारपर्यंत काही करणार नाहीस असं मला वाटतं. आणि मग मीही काही करणार नाही.

मामा